अकरा हजार पावलं

मनकर्णाबाईचा नवरा फकिरा बनसोड आठ महिन्यांपासून इतका तंदुरुस्त होता, की त्याला बघायला दिल्लीहून माणसं येणार होती. घरात मात्र त्याला खाटेवरून उठून न्हाणीपर्यंत जायला दोनदा थांबावं लागायचं.

ही सगळी करामत मनगटावरच्या काळ्या पट्ट्याची. डिजिटल आरोग्याच्या क्षेत्रात देशाचं बळ नेमकं कशात आहे आणि पुढची पाच वर्षं सरकारनं पैसा कुठे ओतावा, हे ठरवायचं होतं. त्यासाठी कुठल्याशा संस्थेनं रायपूरजवळच्या कुरुद वस्तीतल्या तीनशे म्हाताऱ्यांना हे पट्टे बांधले होते. पट्टा पावलं मोजायचा, श्वास मोजायचा आणि संस्थेच्या केंद्रातल्या पडद्यावर माणसाच्या नावापुढे हिरवा नाहीतर लाल ठिपका उमटवायचा. लाल उमटला तर रायपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळणार, हिरवा असला तर घरी जायचं. केंद्रात डॉक्टर नव्हताच. ठिपक्याला पगार द्यावा लागत नाही, एवढं विद्वानांना बरोबर सुचलं होतं.

फकिरानं एकतीस वर्षं पोलादाच्या प्लांटात ठेकेदाराच्या हाताखाली काढली होती. ठेक्यावरच्या माणसाला देवाचा नसेल एवढा धाक हजेरीचा असतो. दोन दिवस रकाना कोरा राहिला की तिसऱ्या दिवशी नाव कटलंच म्हणून समजा. त्यामुळे पट्टे वाटणारी रीना, त्यांच्याच गल्लीतली पोरगी, एके दिवशी सांगायला आली की काका, तुमचे तीन दिवस कोरे दिसताहेत, तेव्हा आपलं नाव कटलंच असं त्याला वाटलं. खोकल्यानं त्याला चालवत नव्हतं. रीनाची पाठ वळताच त्यानं पट्टा काढून बायकोच्या हातात दिला.

"तूच घालून जात जा. नाव नाही कटलं पायजे."

मनकर्णाबाई वैशाली नगरात चार घरी स्वयंपाक करायची. पायी जायची, पायी यायची. तिनं पट्टा चढवला आणि विसरून गेली. हजेरीच तर लावायची आहे, त्यात काय एवढं, असं तिलाही वाटलं. नवऱ्याच्या नावावर रोज अकरा हजार पावलं जमा होऊ लागली.

पुढे फकिराचे ओठ काळसर दिसायला लागले, तेव्हा ती त्याला रिक्षात घालून केंद्रावर घेऊन गेली. तिथं पडद्यापुढे बसणाऱ्या पीयूषनं मान वर केली नाही. हिरवा आहे, चिठ्ठी मिळणार नाही, तीनशेत काका पहिले आहेत, असं त्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. काका त्याच्यापासून दोन हातांवर बसून धापा टाकत होते, पण ते पडद्यावर नव्हते ना!

खरं सांगितलं तर रीनाची नोकरी जाईल म्हणून मनकर्णाबाईनं तोंड आवरलं. दुसऱ्या दिवशी तिनं पट्टा गुपचूप नवऱ्याच्या मनगटावर बांधला. आता दिसू दे त्याला काय दिसायचं ते, असं म्हणाली. दिसलंही. दुपारीच पीयूष फटफटीवरून आला. आकडे एकदम कोसळलेत, पट्टा खराब निघाला, असं म्हणून नवा बांधून गेला. चौथ्या दिवशी तोही खराब ठरवून तिसरा बांधला. माणूस बिघडू शकतो हे त्यांच्या यंत्रणेत बसतच नव्हतं, बिघडायचा तो पट्टा. खराब पट्ट्यांचे आकडे पुसले गेले आणि ठिपका हिरवाच राहिला.

मग दिल्लीची समिती आली. हॉटेलच्या सभागृहात अकरा तज्ज्ञ बसले होते, त्यांतले सहा डॉक्टर. फकिराचा सत्कार होता. मनकर्णाबाई एकाच हिशेबानं गेली होती, की यांच्यातल्या एखाद्या मोठ्या माणसाला गाठून चिठ्ठी मिळवायची. मंचावरच्या पडद्यावर फकिराचा फोटो आणि खाली अकरा हजार पावलं, असं झळकत होतं. त्याचं नाव पुकारलं गेलं. तो दोन पायऱ्या चढला आणि तिसरीवर हात टेकून खालीच बसला. तो मंचाला नमस्कार करतोय असं एका साहेबाला वाटलं आणि त्यानं टाळ्या सुरू केल्या.

टाळ्या ऐकून मनकर्णाबाईचं डोकं फिरलं. एरवी ती साहेबांशी हिंदीत बोलायची, पण राग आला की हिंदी तिला सोडून जायची.

"हे पावलं माहे हायेत, साहेब. पट्टा मी घालत होती. याले पाच पायऱ्या चढता येऊन नाही राह्यल्या. आधी याची छाती पाहा, मंग तुमचा पैसा कुठं टाकाचा तो टाका."

समितीत पुण्याच्या एक बाई होत्या, त्यांनी ते इतरांना समजावून सांगितलं. साहेबमंडळी गंभीर झाली. पण छाती पाहायची तर कानाला लावायची नळी लागते, आणि सहा डॉक्टरांत मिळून एकाकडेही नळी नव्हती. लॅपटॉप मात्र अकराच्या अकरा होते. वीस मिनिटं खल झाला. पट्टा नेमका कोणाच्या हातावर आहे हे ओळखणारा पट्टा तयार करणं ही आता देशाची पहिली गरज आहे, असं ठरलं आणि त्यासाठी वेगळा निधी सुचवला गेला. फकिराचे आठ महिन्यांचे आकडे रद्द झाले. नवी नोंदणी करा, नव्वद दिवस स्वतः पट्टा घाला, मग ठिपका काय म्हणतो ते पाहू, असं सांगून चिठ्ठीचा विषय संपवण्यात आला. रीनाला उद्यापासून येऊ नको म्हणाले. त्या पोरीसाठी मनकर्णाबाईचा जीव फार तुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती नवऱ्याला घेऊन रायपूरला निघाली, बिनचिठ्ठीची. दवाखान्याच्या दारावर अडवतील म्हणून वाटेभर तिनं भांडणाची तयारी केली होती. दिल्लीवाल्यांना, पीयूषला, त्या ठिपक्याला काय काय सुनावायचं ते सगळं तोंडपाठ होतं. खिडकीवर नाव आणि वय विचारलं आणि कागद हातात दिला. चिठ्ठी कोणी मागितलीच नाही.

आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं फकिराच्या पाठीला नळी लावली आणि मिनिटभर नुसतं ऐकलं. छातीचा फोटो काढून आणायला लावला, तो उजेडात धरून पाहिला, आणि मग फकिराला बाहेर बाकावर बसवायला सांगितलं.

"इतने महीने कहाँ थे आप लोग? किसने रोका था?"

तोंडपाठ केलेलं सगळं मनकर्णाबाईच्या जिभेवर आलं. तिनं ते गिळलं. आठ महिने रोज सकाळी ती याच वाटेला येऊ शकत होती, आणि रोज सकाळी तिनं चपला घालून दुसरीच वाट धरली होती. तिला स्वतःची इतकी घृणा याआधी कधी आली नव्हती.

"कोणी नाही रोकलं, मॅडम," ती म्हणाली. "मीच नाही आणलं."