शाईपुडी कोणाची

या, जरा जवळ सरकून बसा. जळगावच्या खुशनुमाची गोष्ट सांगतो. उठाल तेव्हा जीव हलका झालेला असेल.

तिचे वडील कय्युमभाई मृदंग बनवणारे. गावोगावची भजनी मंडळं त्यांचीच गिऱ्हाइकं. संगणक शिकलेल्या खुशनुमानं दुकान ऑनलाइन नेलं. त्यात वर्गांची उतरंड रचली: वाद्यं, त्यात चामड्याची वाद्यं, त्यात मृदंग, त्यात शाईपुड्या, म्हणजे काळी शाई लावलेली चामड्याची तोंडं, आणि त्या ताणून धरणाऱ्या वाद्या.

कय्युमभाई म्हणाले, "अगं, माळकरी माणूस चामड्यात मृदंग शोधेल का? भजनाच्या साहित्यात ठेव."

तिनं मृदंग हलवला आणि पंचाईत झाली. पटकन सापडावं म्हणून तिनं प्रत्येक वस्तूच्या नोंदीत 'वाद्यं, चामड्याची वाद्यं, मृदंग' असा मुळापासूनचा अख्खा पत्ता लिहिला होता. मृदंग नव्या घरी गेला, पुड्यांच्या अंगावर जुनाच पत्ता राहिला. गिऱ्हाइकाला मृदंग दिसे. त्याखाली सगळं रिकामं.

असोद्याच्या जीवरामबुवांचा फोन आला. "कय्युमभो, पुड्या करनं सोडलं का? मी ओळखीचा म्हणून इचारलं. भुसावळचं मंडळ तर परस्पर दुसरीकडं गेलं."

"आहेत बुवा, या घेऊन जा." फोन ठेवून कय्युमभाई लेकीकडे वळले. "सप्ताहाचे दिवस आहेत, बेटा. आज नीट झालं नाही तर बंद करून टाक ते."

खुशनुमा संगणकापुढे बसली. एकेक पत्ता बदलेनही. पण अब्बांनी उद्या ढोलकी हलवली तर?

दुपारी बुवा आले. तिला पाहून म्हणाले, "तू कोनाची गं?"

"कय्युमभाईंची."

"हां, मंग झालं." बुवांनी पुढचं काही विचारलंच नाही. आजोबा, गल्ली, घर, सगळं त्या एका नावामागून त्यांना आपोआप कळलं.

खुशनुमा तशीच आत गेली. प्रत्येक वस्तूनं फक्त आपल्या बापाचं, म्हणजे लगेच वरच्या वर्गाचं, नाव सांगायचं, त्यानं त्याच्या बापाचं. विचारत वर जायला थोडा वेळ लागेल खरा, पण चार पायऱ्यांना तो कितीसा?

तिनं रचना बदलली. मग मृदंगाचा बाप बदलून पाहिला. पुड्या, वाद्या मुकाट्यानं त्याच्यामागे आल्या.

संध्याकाळी धुळ्याच्या एका मंडळानं पुडी मागवली.

"ढोलकी पण हलवू का गं?" कय्युमभाईंनी हळूच विचारलं.

"हलवा अब्बा. रोज हलवा."

कीर्तनाला बसाल तेव्हा एवढं करा: शाई घोटून काळ्या पडलेल्या कय्युमभाईंच्या बोटांची आठवण ठेवा, आणि देवाजवळ त्यांच्यासाठी दोन शब्द बोला.