बांधलेल्या बोटीवर लिंबू

लिंबू मुठीत ऊन झालं होतं. सालीवरचा एक खरखरीत डाग सुगंधाच्या अंगठ्याला सारखा लागत होता आणि ती तो घासत होती, पुन्हा पुन्हा — सकाळी भांडुपच्या खोलीला कुलूप लावताना ते तिच्या हातात बघून दत्ताराम, तिचा नवरा, मोठ्यानं हसला होता.

"बांधलेल्या बोटीर लिंबू कित्याक गो?"

"असूं दे. माका बोट लागता."

बोट खरोखरच बांधलेली होती, मनगटाएवढ्या चार दोरांनी. नौदलातून निवृत्त झालेली लढाऊ बोट, भंगारात जाण्याआधी काही महिने म्युझियम म्हणून लोकांना खुली केलेली. तोफेच्या तोंडाला लाकडी बूच, जिन्यांना ताजा पांढरा रंग, आणि तोफेला टेकून बायका फोटो काढून घेत होत्या. सुगंधाला मात्र तोफेकडे बघवत नव्हतं.

कारण उद्या दहा वाजता दत्ताराम एजंटच्या ऑफिसात सही करणार होता — तेल वाहणाऱ्या जहाजावर फिटर, दोन वर्षं, आखातात. गिरणी बंद पडून चार वर्षं झाली, मिळेल ते काम करून झालं, हे सगळं तिला पटत होतं. पण शेजारचे शिवदास रोज पेपर मोठ्यानं वाचतात, आणि इराण-इराकच्या लढाईत तेलाच्या जहाजांवर गोळे पडतात हे भिंतीपलीकडून ऐकू येतं तेव्हा... तेव्हा मी स्टोव्हला पंप मारत सुटते. ऐकलंच नाही असं करते. लोखंड किती जाड असतं ते एकदा पाहिलंस की भीती जाईल, असं म्हणून त्यानं तिला आज इथे आणलं होतं.

लोखंड जाड होतं. दत्तारामनं ते बोटाच्या पेरांनी ठोकून दाखवलं, एकदा नव्हे, प्रत्येक दारापाशी. "बघ. बघ गो." आज तो फार बोलत होता. एरवी जेवताना मीठ मागण्यापलीकडे त्याचा शब्द नसे.

इंजिनाच्या खोलीत उतरायचा जिना अगदी उभा होता. इंजिन कधीच थंड झालेलं, वास मात्र राहिलेला — तेलाचा, गंजाचा. पांढऱ्या कपड्यांतला म्हातारा गाइड सांगत होता की लढाईच्या वेळी वरचं झाकण लावून घेत, म्हणजे इथे पाणी शिरलं तरी बाकीची बोट वाचे.

"आणि खालची माणसं?" कुणीतरी विचारलं.

गाइडनं झाकणाकडे पाहिलं. "ती ड्यूटीवर असत," तो म्हणाला.

सुगंधाही झाकणाकडे बघत राहिली. बाबा... तिच्या लहानपणी एक दिवस गलबतावर निघालेले बाबा अंगणाच्या गडग्यापासून तीनदा घरात परत आले होते. एकदा विड्या राहिल्या म्हणून, एकदा कांबळं राहिलं म्हणून, तिसऱ्यांदा काहीच न घेता नुसते पडवीत उभे राहिले. आई उंबऱ्याशी, पदराचं टोक दातांत धरून. जाणाऱ्याला अडवू नये, अपशकुन होतो — ती एवढंच म्हणाली, "उशीर होतलो." गलबत परत आलं नाही. पुढे आयुष्यभर आई त्या तीन फेऱ्यांनाच अपशकुन म्हणत राहिली, आणि मीही तेच म्हणत आले.

"काय गो, बोट लागली?"

दत्तारामनं हसत विचारलं होतं. तिनं मान वर केली. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते, एक हात पोटावर आणि दुसरा कठड्याला असा आवळलेला की नखांतलं रक्त गेलेलं. गिरणीत बॉयलरशेजारी वीस वर्षं काढलेला माणूस — बांधलेल्या बोटीवर! लागली कसली, हा भ्यालाय. सकाळपासून भ्यालाय. लोखंड ठोकत होता ते मला दाखवायला नव्हे... बघ गो, बघ गो, म्हणजे काहीतरी बोल गो.

बाबा विड्या न्यायला आले नव्हते.

इतके दिवस तिची भीती सोपी होती : तो जाणार, ती मागे राहणार, समुद्र काय करायचं ते करणार. आता तो जिन्यापाशी उभा होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. 'नको' म्हटलं तर हा राहील, मग उद्यापासून चूल पेटली नाही तर ती माझ्यामुळे. गप्प राहिले तर जाईल, आणि तेही माझ्यामुळेच...

"अहो, ही बोट हलतसुद्धा नाही!" मागून कुणीतरी हसलं. दत्तारामची मान खाली गेली.

"माकाच लागली," सुगंधा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "माका जरा धरा."

तो तिला धरायला आला, खरं तर टेकायला. तिनं नख रोवून लिंबाची साल फोडली आणि मूठ हळूच त्याच्या नाकाशी नेली. डोळे मिटून त्यानं खोल श्वास घेतला, मग आणखी एक. मग तो जिना चढू लागला.

ती त्याच्या मागून निघाली. तोंडात कसलीतरी सुती, खारट चव होती. पदराचं टोक — कधी गेलं दातांत? तिनं ते ओढून काढलं.

"अवो," ती म्हणाली. आणि तो पायरीवरच थांबला.