अंतरपाट आणि वहिवाट

रविवारी सकाळी अकरा वाजून सदतीस मिनिटांनी एक लेडीज सायकल वधू आणि वर यांच्यामधून गेली. जाताना ती अंतरपाट घेऊन गेली. कोणालाही लागले नाही.

सायकलवर आनंदीबाई होत्या. वय चौसष्ट, निवृत्त परिचारिका, राहणार वरची आळी, रत्नागिरी. त्यांनी दारातच घंटा वाजवली, याबद्दल दोन्ही पक्षांत दुमत नाही. मुहूर्ताला पाच मिनिटे होती आणि भटजी मंगलाष्टके लांबवत होते. घंटा हा आपल्यालाच इशारा आहे असे समजून बँडवाल्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली. बँड वाजला म्हणून पाहुण्यांनी अक्षता टाकल्या. आनंदीबाईंनीही एक हात सोडून अक्षता टाकल्या, "सुखानं नांदा गो!" म्हणाल्या आणि खालच्या दाराने बाजाराकडे उतरल्या. अंतरपाट हँडलच्या ब्रेकमध्ये अडकला होता. तो पाठोपाठ फडफडत गेला.

लग्नाचा हॉल तीन वर्षांपूर्वीपर्यंत धर्मादाय इस्पितळाचा जनरल वॉर्ड होता. इस्पितळ गावाबाहेर नव्या इमारतीत गेले. रिकाम्या जागेत बाग, वाचनालय आणि मंगल कार्यालय करायचे ठरले आणि त्यासाठी समिती नेमली गेली. अडचण एकच होती. वरच्या आळीतून बाजारात उतरायची वाट वॉर्डातून जात होती. वरच्या दाराने आत, खालच्या दाराने बाहेर. माणसे वर्षानुवर्षे मासळीच्या पिशव्या घेऊन खाटांच्या दोन रांगांमधून जात आणि ओळखीच्या रुग्णाला "आज तोंडाला चव आहे का?" असे विचारत. दुसरा मार्ग म्हणजे इमारतीला वळसा घालणारी पाखाडी. ती जांभ्याच्या उंच पायऱ्यांची आहे. तिच्यावरून सायकल न्यायची तर खांद्यावर घ्यावी लागते.

समितीने चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी मार्ग आखायला पुण्याहून एक नगररचनाकार आणले. पाखाडी म्हणजे एखादा उतरता रस्ता असेल, असा त्यांचा समज होता. पहिल्या आराखड्यात त्यांनी सायकलमार्ग पाखाडीवरून नेला आणि तो तपासायला स्वतः सायकलवरून गेले. दुसरा आराखडा त्यांनी पाय प्लॅस्टरमध्ये असताना काढला. त्यात मार्ग पूर्वीच्याच वाटेने, हॉलमधून जात होता. हॉलच्या फरशीवर या दारापासून त्या दारापर्यंत पिवळा पट्टा रंगवला गेला.

सभेत या मार्गाच्या बाजूने सर्वांत जोरात बोलले ते समितीचे चिटणीस भास्करराव. ते आंब्याचे बागायतदार, म्हणजे कोर्टकचेरीतले जाणकार. "वहिवाट एक दिवस जरी खंडली तरी हक्क गेला म्हणून समजा," असे ते म्हणाले होते. टाळ्या पडल्या होत्या.

रविवारची वधू हेमा ही भास्कररावांची मुलगी. नव्या हॉलमधले हे पहिलेच लग्न. हॉलमधला एकुलता एक पंखा पट्ट्याच्या बरोबर वर असल्याने बोहले तिथेच मांडले होते. पट्टा सतरंजीने झाकला होता. वरचे दार लावून घ्यायला पहारेकरी केरू याला सांगितले होते.

"मग उघडलंस कशाला?" भास्कररावांनी विचारले.

"अवो, त्यांनी पत्रिका दाखवली," केरू म्हणाला. "आवतनाच्या माणसाला भायेर ठेवू काय?"

वराचे मामा सखाराम मंडणगडहून आले होते. अंतरपाट त्यांच्या घराण्यातला. वराच्या आजोबांचे लग्नही त्याच्याच आड लागले होते. मामांनी भटजींना गाठले.

"लग्न लागलं की नाही, एवढं सांगा."

"बँड वाजला, अक्षता पडल्या, दृष्टादृष्ट झाली," भटजी म्हणाले. "माळा राहिल्या आणि मुहूर्त चुकला. लागलं म्हणवत नाही. नाही लागलं असंही म्हणवत नाही."

"पुढचा मुहूर्त?"

"बारा बावन्न. तो गेला तर सोळा दिवस काही नाही."

"बारा बावन्नला आमचाच अंतरपाट हवा. दुसरं फडकं धरलंत तर वऱ्हाड दीडच्या एस.टी.नं दापोलीला परत."

वर श्याम दापोलीच्या कृषी विद्यापीठात कारकून आहे. तो मुंडावळ्यांसह स्वतःच सायकलमागे धावायला निघाला, पण त्याचे बूट वधूच्या बहिणींनी लपवले होते. ते कुठे लपवले हे बहिणींनाही आठवेना. हेमा पाटावर बसून होती.

"बाबा," ती म्हणाली, "त्या सभेत टाळ्या कशाला घेतल्यात?"

भास्कररावांनी केरूला बाजारात पिटाळले आणि दोन्ही दारांना कुलपे घातली. केरू बाराच्या सुमारास खिडकीशी आला.

"बाय मासळीबाजारात हायत. बांगडे घेतायत."

"आणि अंतरपाट?"

केरूने टोपी काढून हातात घेतली. "पिशवी घरी इसरल्या त्या."

सखाराममामा खुर्चीत बसले. त्यांना पन्हे देण्यात आले.

"निरोप दिलास ना?" भास्कररावांनी विचारले.

"दिला. म्हणाल्या, आल्या वाटेनंच परत येत्ये."

बारा चाळीसला खालच्या दाराबाहेर घंटा वाजली. पाठोपाठ आणखी घंटा वाजल्या. आज लग्नाच्या निमित्ताने वाट बंद होणार आणि मग कायमची बंदच राहणार, अशी बातमी वरच्या आळीत आणि बाजारात पसरली होती. आळीने ठरवले होते, की आज पाखाडीला कोणी पाय लावायचा नाही. आळीतल्या सर्वांना लग्नाचे आमंत्रण होते, त्यामुळे दोन्ही कामे एका खेपेत होणार होती.

"भास्कर, दार उघड," बाहेरून आनंदीबाई म्हणाल्या.

"सिस्टर, अंतरपाट तेवढा खिडकीतून द्या."

"खिडकीतून मी औषधं देत होत्ये. मी दारातून येणार."

"आज एक दिवस पाखाडीनं जा हो. पोरीचं लग्न आहे!"

"पोर माझ्याच हातावर जन्मली, त्या चौथ्या खिडकीखाली. तुझी आई भाजी घेऊन इथूनच चालली होती. उभ्या उभ्या नात बघून गेली. आणि खंड पडला की काय होतं, ते कोण सांगत होतं मेल्या सभेत?"

सखाराममामांनी सतरंजीचे टोक उचलून पाहिले.

"हा पिवळा पट्टा कसला?"

"मार्ग आहे," भास्करराव हळू म्हणाले.

"म्हणजे आमचा मुलगा रस्त्यात उभा होता?"

"जरासा."

"आणि मुलगी?"

"तीही."

"रत्नागिरीत लग्नं रस्त्यात लावतात, हे बैठकीत सांगायचंत!"

नगररचनाकार पहिल्या रांगेत प्लॅस्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसले होते. त्यांनी हात वर केला. "मार्ग बंद करता येणार नाही. पण वाहतूक दोन मिनिटं थांबवता येईल. रेल्वेच्या फाटकासारखी."

"इथे हॉलमध्ये रेल्वे कुठे आहे?" तिघे-चौघे एकदम म्हणाले.

"अंतरपाट हेच फाटक धरा," ते म्हणाले. "तो असेपर्यंत थांबायचं. काढला की जायचं."

भास्कररावांनी घड्याळ पाहिले, हेमाकडे पाहिले आणि सतरंजी स्वतःच्या हाताने गुंडाळली. मग सगळ्या पाहुण्यांसमोर घसा खाकरून "वाट चालू आहे" असे जाहीर केले. या वेळी टाळ्या फक्त दाराबाहेरून आल्या.

दार उघडले. आनंदीबाईंनी बांगडे केरूच्या टोपीत ओतले आणि अंतरपाट झटकला. कुंकवाचे स्वस्तिक अजून दिसत होते. वास येत होता, पण मामा उदबत्तीचा पुडा आधीच फोडून बसले होते. अंतरपाटाचे एक टोक भटजींनी धरले. दुसरे धरायला अक्षतांमुळे कोणाचा हात मोकळा नव्हता, म्हणून ते आनंदीबाईंच्या सायकलच्या हँडलला बांधले. मंगलाष्टके सुरू झाली आणि त्याच वेळी मामांना एक प्रश्न सुचला.

"फाटक उघडल्यावर आधी कोण? माळ की सायकल?"

"माळ!" भास्करराव म्हणाले.

"मार्गावर असेल त्याचा हक्क आधी," नगररचनाकार म्हणाले.

"मार्गावर तर मीच उभी आहे," हेमा अंतरपाटाआडून म्हणाली. श्यामला हसू आले. भटजींनी डोळे वटारले, पण म्हणणे थांबवले नाही.

आनंदीबाईंना विचारले असता, आपण सावकाश जाऊ, एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या मागे सात सायकली आणि एक हातगाडी उभी आहे. वरचे दारही उघडले असून तिकडून बाजारात उतरणारी मंडळी आत आली आहेत.

बारा एक्कावन्नला चौथे मंगलाष्टक संपले. वधूने माळ उचलली आहे. आनंदीबाईंचा उजवा पाय पेडलवर आहे.