फुंकरीसोबतची पुडी

मावशीने सगळ्यांदेखत सुईत दोरा ओवला आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. महिन्यापूर्वी तिला स्वतःचं बटणही लावता येत नव्हतं. स्टेजवर फुंकरबाबा डोळे मिटून बसले होते, टाळ्या मोजत असावेत.

"दवाखान्यात सलाइनमधून विष भरतात," ते म्हणाले. "मी काय देतो? वारा! वाऱ्याचा कधी दुष्परिणाम ऐकलाय?"

वाऱ्यासोबत ते पांढरी पुडीही देत. फुंकर आत टिकावी म्हणून.

माझी मावशी शिवणकाम करते. संधिवाताने तिची बोटं आखडली होती. रोगांपासून राखणारा शरीराचा पहारेकरीच सांध्यांवर उलटला होता. त्याला आवरणारं औषध दर दोन महिन्यांनी दवाखान्यात शिरेतून देत. ते चालू असताना अंगावर पुरळ उठतंय का, धाप लागतेय का, यावर नर्सची नजर असे. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "पहारेकरी झोपला की चोरांचं फावतं. दबलेला क्षयसुद्धा डोकं वर काढतो. ताप, खोकला आला, वजन घटलं, तर लगेच कळवा."

ताप आला, खोकला आला. मावशीने कळवलं नाही. औषध बंद करतील अशी तिला धास्ती. शेजारणीने तिला बाबांकडे नेलं. चार-दोन दिवसांत ताप गेला, बोटं मोकळी झाली. पुढे चेहराही गोल दिसू लागला. "तब्येत भरली हो!" सगळे म्हणाले. खोकला तेवढा राहिला. ते म्हणे बाहेर पडणारं विष.

सलाइनच्या दिवशी मावसबहिणीने तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि सलाइनची बाटली परत पाठवली.

"आज औषध नाही. ताप होता?"

"होता. बाबांनी काढला."

"काढला नाही, लपवला. काय दिलं त्यांनी?"

तपासणीत पुडीत स्टेरॉइड निघालं आणि छातीच्या फोटोत क्षय. मोकळी बोटं आणि गोल चेहरा ही स्टेरॉइडचीच करामत. आधीच पेंगणाऱ्या पहारेकऱ्याला पुडीने गाढ झोपवलं होतं. ताप ही त्याची शिट्टी, तीही बंद.

"पण मला बरं वाटत होतं हो," मावशी म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. मावसबहिणीने तिचा हात घट्ट धरला.

पुढच्या सभेला डॉक्टरीणबाई आमच्यासोबत आल्या.

"बाबा, आज नुसती फुंकर मारा. पुडी नको."

"फुंकरीला पुडीची जोड लागते."

मागून एक आजोबा काठी टेकत उठले. "मग पुडीला फुंकरीची जोड कशाला?"

बाबा पुड्यांची पिशवी आसनाखाली सरकवू लागले.

पुडीत काय आहे ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि बजावलं, "पुड्या एकदम सोडू नका, शरीराला त्यांची सवय झालीय, जिवावर बेतेल. उद्या सगळे दवाखान्यात या, हळूहळू कमी करू."

मावशी क्षयातून वाचली. मधले महिने बोटांनी तिला रडवलं. क्षय आटोक्यात आल्यावर सांध्यांचं औषध नव्याने ठरलं.

त्या सभेत शेजारणीने विचारलं होतं, "म्हणजे सलाइनचं औषधही धोक्याचंच ना?"

"आहेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणून आधी तपासतो, धोके सांगतो, मग देतो. आम्हालाही प्रश्न विचारा. आणि 'माझ्या औषधाला धोकाच नाही' असं कुणी म्हणालं, तर आत काय आहे ते कळेपर्यंत ते घ्यायला तोंड उघडू नका."