सात गाठींचा दोर

मी एक जुनी गाळणटाकी आहे. माझ्या पोटात वाळू, खडी आणि कोळसा आहे. मित्रांनो, कपडे खळबळून निघालेलं गढूळ पाणी मी गाळायचे आणि पुढच्या धुण्याला परत द्यायचे. सध्या मागच्या अंगणात आडवी पडले आहे. माझ्यावर एक कोंबडी येऊन बसते. ती तरी मला नावं ठेवत नाही.

कारखान्यातून मी थेट दोघी बहिणींच्या धुलाईघरात आले. त्यांचं सगळं पाणी अंगणातल्या विहिरीचं. थोरली रोज सकाळी सात गाठींचा दोर विहिरीच्या तळापर्यंत सोडायची. किती गाठी भिजल्या, ते पाहून दिवसाचं काम ठरायचं. सातही भिजल्या, तर येईल ते धुवायचं. तीनच भिजल्या, तर फक्त दवाखान्याच्या चादरी. बाकीच्यांना हात जोडायचे.

मला बसवणारा मिस्त्री म्हणाला, "ही अर्धं पाणी वाचवते. आता विहिरीची काळजी सोडा."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं त्याने पदरचं जोडलं. मी तिथेच ओरडायला हवं होतं. पण टाकीच्या तोंडावर झाकण असतं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. भर उन्हाळ्यातही पाच गाठी भिजायच्या. धाकटी येईल त्याला हाताला धरून माझ्यापाशी आणायची. "ही आमची तिसरी बहीण!" खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

मग धाकटीने तीन हॉटेलांचं काम घेतलं. दोन मोठी यंत्रं आली.

"अगं, विहीर आहे तेवढीच आहे," थोरली म्हणाली.

"ताई, टाकी आहे ना! तू बस दोराला लोंबकळत."

एके दिवशी गाठोडी बांधायला दोरी कमी पडली. धाकटीने खुंटीवरचा सात गाठींचा दोर काढला. दुसऱ्या दिवसापासून विहिरीत कुणी डोकावलंसुद्धा नाही.

मी अर्धं पाणी वाचवतच होते, अगदी शपथेवर सांगते. पण काम चौपट झालं होतं. चौपटीचं अर्धं म्हणजे पूर्वीच्या दुप्पट. हे गणित तुम्हाला चौथीतच येतं, मित्रांनो.

तिसऱ्या उन्हाळ्यात पंपातून चिखल आला, मग नुसती हवा. दवाखान्याच्या चादरी दारात तशाच पडून राहिल्या. धाकटीने मला लाथ मारली. "फसवलंस मेले!"

तिसऱ्या बहिणीला!

थोरलीने गाठोड्याचा दोर सोडवला, विहिरीत टाकला, वर ओढला आणि एकेक गाठ बोटांनी चाचपली.

"किती गं, ताई?"

"तूच हात लावून बघ."

सगळ्यात खालची गाठही कोरडी होती. धाकटीने ती गाठ मुठीत धरली आणि विहिरीत वाकून पाहिलं. मला वाटलं, आता तरी कळलं हिला. तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, याहून मोठी टाकी मिळते का गं?"

मिळते, मित्रांनो. उद्या तुमच्याकडेही येईल. तिला जरूर आणा, तिची वाळू वेळेवर बदला, तिचं कौतुकही करा. फक्त तिच्या शेजारच्या भिंतीत एक खुंटी ठोका, आणि त्या खुंटीवरचा दोर गाठोडी बांधायला कुणाला देऊ नका.