लांब फुंकर

काचेला जोडलेल्या रबरी नळीचे टोक दातांत धरून त्याने तापलेली काच ज्योतीतून बाहेर काढली आणि मनातल्या मनात मोजीत फुंकर सोडली. एक, दोन, तीन, चार. लालभडक काच फुगली, गोल होऊ लागली; आणि पाचव्या आकड्याला एका अंगाने इतकी पातळ झाली, की तिच्या आरपार समोरची भिंत हलताना दिसली. सहावा आकडा आलाच नाही. काच निःशब्द फाटली आणि तिचे अभ्रकासारखे पापुद्रे उडून त्याच्या बाहीवर बसले.

“मामा, फ्लास्क करताय की साबणाचे फुगे?” तपासणीवाल्या बाई जाता जाता म्हणाल्या. सारी कार्यशाळा त्याला मामाच म्हणे. तो हसला. हसताना छातीच्या मधोमध ती ओळखीची मूठ पुन्हा आवळली गेली.

प्रयोगशाळांची काचपात्रे घडवणाऱ्या त्या लांबट खोलीत दोनच बर्नर होते. एकावर तो, एकतीस वर्षे. दुसऱ्यावर त्याच्याच हाताखाली तयार झालेली एक पस्तिशीतली बाई. फ्लास्क फुगवणारे नवे यंत्र दाराशी येऊन पडले त्याच दिवशी मालकांनी सांगून टाकले होते, की पुढे एकच बर्नर राहील. आठ दिवसांत ज्याचे चांगले फ्लास्क अधिक भरतील, त्याचा. आजचा दिवस आठवा होता. फळ्यावर तिचे एकशे बेचाळीस होते, त्याचे एकशे चाळीस, आणि पाच वाजायला तास उरला होता.

चार दिवसांपूर्वी तो पुढे होता. त्याच संध्याकाळी घराच्या जिन्यात त्याचा श्वास कोंडला आणि तो पायरीवर बसकण मारून राहिला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, हृदयाला काही नाही, ही सारी काळजीची करणी आहे. लेकीने मग त्याला समोर बसवून श्वास शिकवला. चार मोजून आत घ्यायचा, चार मोजून धरायचा, सहा मोजून सावकाश सोडायचा. पहिल्याच रात्री तो सलग झोपला. कित्येक वर्षांनी जेवताना त्याला घासाची चव लागली. आज सकाळी निघतानाही ती म्हणाली होती, “बाबा, काहीही होवो, मोजणं सोडू नका.”

त्याने सोडले नव्हते. रबरी नळी तोंडात घेताच भीती सर्वांत जास्त दाटे, म्हणून तिथे तर तो अधिकच निष्ठेने मोजत असे.

त्याने काचेची नवी नळी घेतली, ज्योतीत धरली, दोन्ही हातांच्या बोटांनी फिरवू लागला. चौपन्नाव्या वर्षी फुंकणाऱ्या माणसाला कोण ठेवून घेणार? आयुष्यभर त्याने दुसरे केले तरी काय होते? काच मऊ झाली. त्याने ती बाहेर काढली आणि मोजायला आरंभ केला.

तीही फाटली.

त्याने कपाळ मनगटावर टेकले. पलीकडच्या बर्नरची ज्योत बारीक झाल्याचा आवाज आला.

“मामा, एक बोलू?” ती म्हणाली. “रागावू नका.”

“बोल.”

“चार दिवस बघतेय. तुम्ही लांब फुंकताय. एका दमात.”

“मग?”

“मग काय, पातळ जागा आणखी पातळ होणारच. तुम्हीच मला शिकवलंत. पूर्वी तुम्ही बारीक बारीक फुंकायचात. फू फू करून थांबायचात. तेवढ्यात पातळ जागा निवायची आणि जाड जागा फुगायची.”

“मी थांबायचो?”

“धाप लागल्यागत. जिना चढून आल्यासारखे.” ती किंचित हसली. “नवीन होते तेव्हा घरी आरशासमोर उभी राहून तसा श्वास घ्यायला शिकले मी. आई म्हणायची, हिला दमा झाला की काय.”

तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने काचेची नळी तापवली आणि मोजणे सोडून दिले. भीती आली तशी येऊ दिली. श्वास तुटक झाला, अडखळला, पुन्हा सुटला. आणि काच त्याच्या तोंडासमोर सर्वांगाने सारखी भरत गेली. इतका निर्दोष गोल फ्लास्क चार दिवसांत त्याच्या हातून उतरला नव्हता. छातीतली मूठ मात्र पाठीपर्यंत पोहोचली होती. त्याने फ्लास्क सावकाश निववण्याच्या भट्टीत ठेवला. तपासणीवाल्या बाईंनी लांबूनच पाहिले आणि फळ्यावर एकशे एकेचाळीस लिहिले.

“बघा,” ती पलीकडच्या बर्नरवरून म्हणाली. “अजून अर्धा तास आहे. तुमचा हात बसला की मला कुठले सापडताय तुम्ही.”

तिने आपली काच उचलली, फुंकली, थांबली, फुंकली. तो प्रथमच तिच्या हातांकडे न पाहता गळ्याकडे पाहत होता. प्रत्येक फुंकरीमागे तिचे खांदे कानांपर्यंत चढत होते.

“तुझ्या छातीत आवळतं का गं?” त्याने विचारले.

“येते की कळ.” तिने मान वर केली नाही. “दुपारनंतर येतेच. कामाचीच असते ना ती?”

हात लांबवून त्याने आपल्या बर्नरचा गॅस बंद केला, स्टूल ओढत तिच्यासमोर नेले आणि बसला.

“काच ठेव बाजूला. ज्योत बंद कर.”

“आत्ता? मामा, तुमचे दोन तरी होतील अजून.”

“राहू देत. डोळे मीट. मी मोजतो, तू नुसता आत घे.”

तिने कुरकुरत डोळे मिटले. त्याने एक म्हटले. दोन म्हटले. तिचा श्वास तिथेच अडला. खांदे पुन्हा वर चढू लागले. फळ्याशेजारच्या घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटे उरली होती.

त्याने तीन म्हटले नाही. तिचा श्वास सुटण्याची वाट पाहत तो थांबून राहिला.