लासिसी विणकराच्या घरची फणी

मी एक जुनी लाकडी फणी आहे. इसेयिन गावात, लासिसी विणकराच्या घरी, खिडकीशेजारच्या फळीवर भोपळ्याचा एक वाडगा आहे. त्यात माझा मुक्काम असतो. माझ्या शेजारी काळ्या दोऱ्याचे रीळ आणि शिया नावाच्या झाडाच्या बियांपासून काढलेल्या लोण्याची डबी असते. इथे केसांना आणि अंगाला तेच लोणी लावतात. मला पूर्वी नऊ दाते होते. आता साडेसात आहेत. पण मित्रांनो, मी त्याबद्दल कुरकुर करणार नाही. ते दीड दाते चांगल्या कामात गेले.

ओयो शहरातल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला कोरले. कठीण, पिवळट लाकडाचा तुकडा घेऊन त्याने आधी माझी लांब, निमुळती दांडी काढली आणि मग एकेक दाता. खरवतीच्या झाडाच्या खरखरीत पानाने त्याने मला दोन दिवस घासले आणि ताडाच्या बियांच्या काळ्या तेलात मुरत ठेवले. शेवटी माझे दाते त्याने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवरून ओढून पाहिले. एक दाता जरासा टोचला, तो त्याने पुन्हा घासला. पुढे बाजारात लग्न ठरलेली एक मुलगी आली. तिनेही मला उचलले आणि मनगटावरूनच ओढून पाहिले. ती अबेके. पैसे देऊन तिने मला पिशवीत टाकले आणि अशा रीतीने मी इसेयिनला आले.

अबेकेचे लग्न लासिसीशी झाले. तो मागावर कापडाचे अरुंद, रंगीत पट्टे विणतो. ते पट्टे जोडून लोक सणासमारंभाचे कपडे शिवतात. त्यांना दोन मुली झाल्या. थोरली रिसिकात, धाकटी मुइना. दोघींचे केस दाट, काळे आणि इतके कुरळे की नवख्या फणीचा त्यात जीव जावा. मला मात्र ते फार आवडत.

आमचा कामाचा दिवस रविवार. दुपारचे जेवण झाले की अबेके अंगणातल्या काजूच्या झाडाखाली चटई अंथरी. स्वतः बुटक्या स्टुलावर बसे आणि मुलीला पुढ्यात, दोन गुडघ्यांच्या मध्ये घेई. माझ्या दांडीच्या टोकाने ती आठवड्याच्या जुन्या वेण्या सोडवी. मग काळ्या साबणाने डोके धुवायचे, केस ओलसर असतानाच लोणी चोळायचे, दांडीने सरळ भांग पाडायचे आणि डोक्याला चिकटून बारीक वेण्या घालत जायचे. कधी वेण्यांऐवजी केसांच्या बटांना काळा दोरा गुंडाळायचा. कोणती वेणी घालायची हे आमच्या हातात नसे. शाळेच्या फळ्यावर दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याच्या वेणीचे नाव लिहिलेले असे आणि सोमवारी साऱ्या मुलींनी तीच घालून यायचे असे. वेण्यांची नावेही गमतीची. सगळ्या वेण्या डोक्याच्या मधोमध वर नेल्या तर 'टोपली'. दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये भेटल्या तर 'टाळी वाजव'. मानेकडून सुरू होऊन कपाळाकडे आल्या तर 'डुकराची मान'.

"आई, माझी मान डुकरासारखी दिसते का?" मुइनाने एकदा विचारले.

"अशी हलत राहिलीस तर दिसेल," अबेके म्हणाली.

अबेकेचा हात हलका होता. शेजारच्या बायका म्हणत, हिच्यापुढे बसलं की झोप येते. पुढे मोठ्या रस्त्यावर केस करून देण्याचे दुकान निघाले. आरसे, फिरत्या खुर्च्या, गरम वाऱ्याची यंत्रे. बऱ्याच बायका तिकडे जाऊ लागल्या. अबेकेला त्याचे वाईट वाटले नाही. "मला दोन डोकी पुरेत," ती म्हणायची. ती दोन डोकी आणि तिसरे तिचे स्वतःचे. ते ती बुधवारी आवरायची, एकटीच, आरशाशिवाय, बोटांनी चाचपत.

अशी बारा वर्षे गेली.

मग एका उन्हाळ्यात बाजारातून येताना अबेके मोटारसायकलवरून पडली. उजवे मनगट मोडले. हाड बसले, आधाराला बांधलेल्या बांबूच्या पट्ट्या सुटल्या, पण आतली नस दुखावली होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे मिटत नव्हती. ती चमचा धरू शकत नव्हती. मग वेणी कुठून घालणार?

तरी पट्ट्या सुटल्यावरच्या पहिल्याच रविवारी तिने चटई अंथरली. मुइनाला पुढ्यात घेतले आणि मला डाव्या हातात धरले. भांग पाडता पाडता मी तिच्या हातातून निसटले आणि दगडी पायरीवर आपटले. माझा एक दाता तुटून उडाला. अबेकेने तो शोधलाही नाही. तिने मला वाडग्यात ठेवले, वाडगा फळीवर सरकवला आणि ती आत गेली. त्या दिवशी तिने स्वतःच्या डोक्याला जो रुमाल बांधला, तो पुढे कित्येक आठवडे सुटला नाही.

रिसिकातने धाकटीच्या वेण्या घालून पाहिल्या. दोन वेण्यांतच मुइना रडत उठली. लासिसीने मुलींना रस्त्यावरच्या दुकानात पाठवले. तिथे गर्दी फार, बाईला घाई फार. तिने वेण्या इतक्या ओढून घातल्या की रिसिकातच्या कपाळावर पुरळ उठले आणि तिला उशीवर डोके टेकवता येईना. शिवाय दोन मुलींना दर आठवड्याला दुकानात पाठवणे विणकराच्या घराला झेपणारे नव्हते.

पुढच्या रविवारी रिसिकात बापापुढे येऊन उभी राहिली. तिच्या हातात मागावरची मोठी कात्री होती.

"बाबा, माझे केस कापून टाका. मुइनाचेही कापा. मग कुणाला काही करायला नको."

"तुला चालेल?" लासिसीने विचारले.

"वाढतील परत," ती म्हणाली. पण तिचा दुसरा हात आपल्या वेणीवर गेला.

अबेके दारात बसून शेंगा सोलत होती, एका हाताने. तिने तोंड भिंतीकडे फिरवले. मित्रांनो, ते केस मी तिच्याइतकेच ओळखत होते. रिसिकातच्या डोक्यावरच्या पहिल्या जावळापासून आम्ही दोघींनी ते वाढवले होते. वाडग्यात पडल्या पडल्या मी वाट पाहत राहिले. फणीला दुसरे करता काय येणार?

लासिसीने कात्री घेतली. बायकोच्या पाठीकडे पाहिले. मग कात्री खाली ठेवली, फळीवरचा वाडगा काढला आणि चटई अंथरली.

"अबेके, इकडे ये. मला शिकव."

"तुम्हाला?"

"अगं, मी दिवसभर दोऱ्यांतच असतो."

"केस म्हणजे दोरा नव्हे, रिसिकातचे बाबा. दोऱ्याला दुखत नाही."

"मग तेच आधी शिकव," लासिसी म्हणाला.

त्याने मला हातोडी धरावी तसे धरले. अबेकेला हसू आवरले नाही. कितीतरी दिवसांनी ती हसली. "बोटांत धरा, मुठीत नव्हे. दांडीचं टोक फक्त टेकवायचं, खुपसायचं नाही. कानामागे तर हात अगदी हलका." मुइना पुढ्यात बसली होती, डोळे गच्च मिटून. भांग कपाळापासून सरळ निघाला आणि मध्येच डावीकडे वळला. लासिसीला घाम फुटला.

तेवढ्यात कुंपणापलीकडून बुसारीने डोकावले. तो शेजारच्या मागावर विणतो आणि त्याच्या तोंडाला कुलूप नाही.

"काय लासिसी, उद्या मागावर येताना डोक्याला बायकोचं फडकं बांधून येणार का?"

"येईन की," लासिसी मान वर न करता म्हणाला. "तुझ्या घरी कुणाचं डोकं राहिलं असेल तर पाठव. चटई मोठी आहे."

ऊन उतरले तरी काम चाललेच होते. मुइना बसल्या जागी झोपली. सोमवारी ती शाळेतून धावत आली आणि थेट मागाशी गेली. "बाबा, आमच्या वर्गाने माझ्या वेणीला नाव दिलं. 'वाट चुकलेली शेळी'." लासिसीचा धोटा हातातच थांबला. मुइना मात्र खूश होती. "असं नाव दुसऱ्या कुणाच्याच वेणीला नाही," तिने सांगितले. मग तोही हसला आणि बराच वेळ हसत राहिला.

पण त्याने ते मनावर घेतले होते. दुसऱ्या दिवसापासून त्याने मागाच्या खांबाला उरलेल्या सुताचे झुपके बांधले आणि काम थांबले की त्यावर वेण्या घालायचा सराव सुरू केला. चार रविवारांत भांग सरळ झाले. सातव्या रविवारसाठी फळ्यावर दोऱ्याच्या वेणीचे नाव लागले. त्या दिवशी माझे काम भांगापुरतेच होते. मी बाजूला पडून त्याची बोटे पाहत होते. दोऱ्याचा एक वेढा दुसऱ्याला खेटून बसत होता, कुठे फट नाही, कुठे ओढ नाही. अबेके वाकून पाहत राहिली.

"हे माझ्यापेक्षा चांगलं जमलंय," ती अखेर म्हणाली.

"दुखलं का, विचार तिला."

"नाही दुखलं," रिसिकात म्हणाली. "बाबा, पण तुम्ही श्वास घ्या. मघापासून घेतलेला नाही."

घरात पुन्हा रविवार सुरू झाला. फक्त अबेकेच्या डोक्यावरचा रुमाल तसाच होता. ओयोहून निरोप आला, तिच्या धाकट्या बहिणीला मुलगा झाला आहे, आठव्या दिवशी नाव ठेवायचे आहे. अबेके म्हणाली, "मला ताप आहे असं कळवा."

"ताप आहे?" लासिसीने विचारले.

तिने रुमाल कपाळावर आणखी खाली ओढला. मग रिसिकातने आईच्या मागे जाऊन रुमालाची गाठ सोडली. अबेकेने हात वर केला, पण अडवले नाही. आत केस गुंतून त्यांचा नुसता नमदा झाला होता. चार महिन्यांत त्यांना ना पाणी लागले होते, ना लोणी, ना मी.

"कापावेच लागतील," अबेके म्हणाली. "म्हणून सोडत नव्हते."

"बस इथे," लासिसी स्टूल ओढत म्हणाला.

"बायकोचं डोकं नवऱ्याने विंचरायचं? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे बुसारी. त्याचं सगळं म्हणून झालंय."

ती चटईवर बसली. सकाळची वेळ होती. त्या दिवशी माग बंद राहिला. आधी लोणी उन्हात पातळ करून केसांत मुरवले. मग एकीकडून रिसिकात बोटांनी आणि दुसरीकडून लासिसी माझ्या मदतीने, असे दोघे गुंता सोडवू लागले. मुळापासून ओढायचे नाही, शेंड्याकडून थोडे थोडे मागे यायचे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत अवघड काम. प्रत्येक गाठीशी मला वाटे, आता मी मोडणार. एका ठिकाणी माझा आणखी एक दाता अर्ध्यात तुटला. लासिसी थबकला. त्याने तुटकी कड दगडावर घासून गुळगुळीत केली आणि कारागिराने केले होते तसेच स्वतःच्या मनगटावरून ओढून पाहिले. मग पुन्हा सुरुवात केली.

कानाच्या वर त्याला पांढऱ्या केसांचा एक झुपका दिसला.

"हे कधी झालं?"

"तुम्ही मागावर होतात तेव्हा," अबेके म्हणाली.

तो झुपका त्याने सर्वांत सावकाश सोडवला.

दुपारनंतर अबेकेला झोप लागली. तिचे डोके त्याच्या गुडघ्यावर कलले होते. रिसिकातने खुणेने विचारले, उठवू का? त्याने नकारार्थी मान हलवली. पायाला मुंग्या आल्या, माशा बसल्या, बुसारी कुंपणाशी आला, पाहिले आणि पहिल्यांदाच काही न बोलता निघून गेला. ती जागी होईपर्यंत लासिसीने पाय हलवला नाही. कापावी अशी एकही बट उरली नव्हती.

ओयोला अबेके लासिसीने घातलेल्या दोऱ्याच्या वेण्या मिरवत, उघड्या डोक्याने गेली. मुलींची डोकी तिथेही आवरायची म्हणून मलाही पिशवीतून नेले होते. बारशाच्या घरात बायकांनी तिला घेरले. दोऱ्याचे इतके नेटके काम कोणत्या दुकानात होते, त्या विचारू लागल्या.

"दुकानात नाही. आमच्या घरी होतं," अबेके म्हणाली आणि बहिणीचे बाळ डाव्या हातावर घेतले.

आता त्या गोष्टीला बरीच वर्षे झाली. अबेकेची दोन बोटे हळूहळू मिटू लागली. अंगठा तसाच राहिला. भांग ती डाव्या हाताने पाडते, वेण्या रिसिकात घालते, दोऱ्याचे काम अजून लासिसीकडे आहे. मुइना आता मैत्रिणींना चटईवर बसवते आणि हललात तर बघा, असा दम देते. कधी कधी मी आठवडाभर वाडग्यात विसरले जाते, लोणी वाळून माझ्या दात्यांत धूळ बसते. मग कुणाला तरी आठवण होते, कोमट पाण्याने मला धुतात, तेलाचे बोट फिरवतात आणि मी पुन्हा कामाला लागते. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी फणी असेल तर तिला कोरडी पडू देऊ नका. आणि तुमच्या घरात असे कुणी असेल, जे साऱ्यांचे आवरते पण हल्ली स्वतःचे आवरत नाही, तर त्यांच्या बोलावण्याची वाट पाहू नका. ती माणसे बोलावत नाहीत. तुम्हीच चटई अंथरा आणि त्यांना बसा म्हणा. हात चुकला तरी चालेल, ती हसतील आणि कसे करायचे ते सांगतील.